घर बदललं, चर्चमधलं नावही बदलायचं का?

वसईहून नोकरीनिमित्त पुण्याला किंवा ठाण्याला आलेल्या कॅथलिक कुटुंबापुढे तीन वाटा असतात. चर्चच्या वहीतलं नाव गावच्या धर्मग्रामातच, म्हणजे पॅरिशमध्येच, राहू द्यायचं, नव्या घराजवळच्या चर्चमध्ये लावायचं, किंवा थोडं लांब असलं तरी मनाजोगती मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, होते तिथे जायचं. माझा कौल घराजवळच्या चर्चला.

चर्चच्या १९८३च्या कायद्यात धर्मग्राम सर्वसाधारणपणे हद्दीवरून ठरतो आणि तुम्ही कुठले, हे राहत्या पत्त्यावरून. एखाद्या ठिकाणी किमान तीन महिने राहायच्या इराद्याने आलात, की तिथले प्रमुख धर्मगुरू तुमचेही झाले. म्हणजे अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणारेही यात आले. फॉर्म भरला नाही म्हणून तुम्ही परके ठरत नाही, पण तुम्ही आलात हे फादरना कळायचं कसं? आजारपणात घरी कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) हवं असेल, घर आशीर्वादित करून घ्यायचं असेल किंवा शाळेच्या प्रवेशासाठी चर्चचं पत्र लागलं, की वहीतलं नाव उपयोगी पडतं.

गावचं नाव सोडवत नाही, त्यामागे बहुतेकदा दोन धास्ती असतात. पहिली कागदपत्रांची. ती निराधार आहे, कारण बाप्तिस्म्याची नोंद जिथे झाली तिथेच कायम राहते. पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि लग्न कुठेही झालं तरी त्याची माहिती त्याच चर्चला कळवून तिथल्या नोंदीत भरली जाते. लग्न ठरलं की बाप्तिस्म्याचा ताजा दाखला तिथूनच आणावा लागतो, जुनी लॅमिनेट केलेली प्रत बहुधा चालत नाही. लग्न गावीच करायचं असेल आणि वधू-वर दोघेही आता तिथे राहत नसतील, तर राहत्या ठिकाणच्या फादरांची परवानगी घेऊन तेही करता येतं.

दुसरी धास्ती कबरीची, आणि ती मला रास्त वाटते. आईवडील ज्या मातीत आहेत तिथेच आपणही जावं असं वाटणारच. दफनभूमी निवडण्याचा हक्क कायदा देतो, पण जागेचे नियम प्रत्येक धर्मग्रामाचे वेगळे. नाव हलवण्याआधी गावच्या ऑफिसात हे स्पष्ट विचारून घ्या, जमल्यास लेखी.

तिसऱ्या वाटेचं आकर्षण मी समजू शकते. वसईत लहानपणापासून मराठीत प्रार्थना केलेल्या माणसाला इंग्रजी मिस्सा कोरडी वाटते. पण त्यासाठी नाव हलवायची गरजच नाही. रविवारी मिस्सेला जाण्याचं कर्तव्य कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये पूर्ण होतं, म्हणून नाव घराजवळ ठेवून मिस्सेला मराठीकडे खुशाल जा. घरात कोणी सिरो-मलबार, म्हणजे केरळातल्या वेगळ्या उपासना-परंपरेचे कॅथलिक, असेल तर गोष्ट वेगळी: त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांत १९८८पासून कल्याणला आहे, त्यांनी आपल्याच धर्मग्रामाशी संपर्क साधावा.

परदेशी जाणाऱ्यांसाठी हिशेब बदलतो. अमेरिकेत चर्चचा नोंदणी फॉर्म भरायची पद्धत रूढ आहे आणि दानाची पाकिटंही अनेकदा त्या नावावरच येतात. कायद्याने ती नोंदणी सक्तीची नाही. तरीही कुणाच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता व्हायचं असेल तर दाखल्यासाठी आधी ‘तुमचं नाव आमच्याकडे आहे का?’ असं विचारलं जाण्याची शक्यता बरीच, म्हणून तिथे पोचताच फॉर्म भरलेला बरा.

जर्मनीत चर्चच्या आधी नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. तिथे धर्म रोमन कॅथलिक लिहिला, की चर्च-कर लागू होतो: बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये प्राप्तिकराच्या ८ टक्के, इतर राज्यांत ९. नोकरदारांचा तो पगारातूनच कापला जातो, तेव्हा हातात किती पडेल याचं गणित ही कपात धरूनच मांडा.