घरगुती तेलघाणा : नऊ महिने, बावीसेक लिटर आणि सहा आठवडे अडलेला एक स्क्रू

मशीन घेतलं ते रागाच्या भरात. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्राने खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं. कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावर सगळं धरून ५.५ टक्के होतं ते २७.५ झालं, रिफाइंडवर ३५.७५. तोंडावर नवरात्र, मागून दिवाळी. आमच्या वाण्याकडे सोयाबीन तेलाची पिशवी ११० ची १४० व्हायला दोन आठवडेही लागले नाहीत. जुना माल जुन्या भावाने का नाही, असं विचारलं तर म्हणाला, "ताई, उद्या मला नव्या भावानेच भरायचाय ना." तळणाच्या सामानाची यादी हातात घेऊन मी तिथेच ठरवलं की आता शेंगदाणे आणायचे आणि तेल घरी काढायचं. २१,५०० रुपयांचं मशीन घरी आलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

आधी मशीनबद्दल. स्टीलचं, मिक्सरपेक्षा थोडं मोठं, आवाज मात्र पिठाच्या गिरणीच्या धाकट्या बहिणीसारखा. दाणे वरून टाकायचे, आतला जाड स्क्रू फिरत ते जाळीवर दाबतो, एका बाजूने तेल गळतं, दुसरीकडून पेंडेच्या चकत्या पडतात. किलोभर दाण्यांना पंचवीसेक मिनिटं. पहिल्या महिन्यात किलोमागे ३५० ग्रॅम तेल निघायचं. दाणे तासभर उन्हात ठेवून टाकायला लागले तसं ४०० पर्यंत गेलं. माहितीपत्रकात ५० टक्के छापलंय. शेंगदाण्यात तेलच मुळी पंचेचाळीसच्या आगेमागे असतं, तेव्हा उरलेलं कंपनी कुठून आणते देव जाणे. तेल दोन-तीन दिवस निवळू द्यावं लागतं. चव? सासूबाईंनी पहिल्या दिवशी वाटीत घेऊन नुसता वास घेतला आणि भाकरीचा तुकडा बुडवला. चवीचा मुद्दा तिथेच संपला.

आता हिशोब, २०२५ च्या भावांनी, कारण बहुतेकांना तोच हवा असतो. आम्ही चौघं, महिन्याला तीन लिटर तेल. त्यासाठी सात किलो दाणे लागतात. १२५ रुपये भावाने ८७५, वीज वीसेक रुपये. चार किलो पेंड कोपऱ्यावरचा गोठेवाला ३० रुपयांनी नेतो, ते १२० वजा. म्हणजे लिटरला साधारण २५८. लाकडी घाण्याच्या दुकानात तेच तेव्हा ३८० ला मिळत होतं. त्या तुलनेत मशीनचे पैसे सुटायला जवळजवळ पाच वर्षं लागतील. रिफाइंड शेंगदाणा तेल १९० ला होतं, त्याच्याशी तुलना केली तर कधीच सुटणार नाहीत.

१९० कसं परवडतं, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. उत्तर पेंडेत निघालं. मोठी गिरणी आधी दाबून तेल काढते आणि मग पेंडेत उरलेलंही द्रावक वापरून जवळपास शेवटच्या थेंबापर्यंत ओढून घेते. दाणा घाऊक घेते, निवडक घेत नाही, आणि पेंड ट्रकने विकते. माझ्या चकत्या बोटांनी दाबल्या तरी तेलकट लागतात. ते तेल मी विकत घेतलेलं असतं आणि खाते म्हैस.

सोयाबीनचंही पेंडेपाशीच अडलं होतं. शुल्क वाढवताना कारण दिलं शेतकऱ्याचं. पण त्याच दिवाळीत आपल्याकडे सोयाबीन क्विंटलला ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या कितीतरी खाली विकलं गेलं. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं अठराएक किलो, बाकी जवळपास सगळी पेंड. मक्यापासून इथेनॉल काढून उरलेला स्वस्त चोथा कोंबड्यांच्या खाद्यात आला आणि सोयापेंडेचे भाव बसले. तेल वर गेलं तरी पेंडेने सोयाबीनचा भाव खाली धरून ठेवला. माझ्या पिशवीवरचे तीस रुपये शेतापर्यंत पोचलेच नाहीत.

मशीनपेक्षा जास्त फरक दाण्यांनी पडला. सुरुवातीला वाण्याकडून किलो-दोन किलो आणायचे, १४५ ने. मग मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात गेले. जाडा, स्पॅनिश, घुंगरू, टीजे, दाण्याच्या सगळ्या प्रकारांचे भाव वेगळे. मी दिसायला सुंदर म्हणून जाडा मागितला, तर व्यापारी म्हणाला, "तेलच काढायचंय ना ताई? मग दाण्याचं रूप काय करायचंय?" स्वस्तातला टीजे दिला. तेल बरं निघालं, पण पोत्यात तळाशी काळे, सुरकुतलेले दाणे. इथे एक गोष्ट नीट सांगते. ओल लागलेल्या दाण्यांवर बुरशी धरते आणि तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, तेलात उतरतं. रिफायनरीत ते बरंचसं निघून जातं, घरच्या घाण्यात नाही. तेव्हापासून स्पॅनिश आणते, पोतं उघडून हात खालपर्यंत घालून बघते आणि घरी पुन्हा निवडते. निवडण्याचा वेळ हिशोबात धरलेला नाही, धरला तर घरात भांडण होईल.

फेब्रुवारीत बार्शीच्या मावशीने करडई पाठवली. तिच्या लहानपणी घरोघरी तेच तेल होतं. काटेरी पीक, काढायला मजूर मिळेना, त्यात १९९४ नंतर पामतेलाची आयात खुली झाली आणि स्वस्त तेलापुढे करडई मागे पडत गेली. मशीनला ती झेपली नाही. सालासकट किलोमागे पाव किलोसुद्धा तेल नाही, आणि तिसऱ्या किलोला स्क्रू अडकला तो अडकलाच.

तक्रार ती इथे. खोक्यावर 'भारतात जुळणी' असं बारीक अक्षरांत लिहिलंय, म्हणजे सुटे भाग बाहेरचे. कस्टमर केअरची मुलगी रोज गोड आवाजात सांगायची, "मॅडम, कंटेनर यायचाय." सहा आठवडे. परदेशी तेलाच्या जहाजांना कंटाळून घेतलेलं मशीन एका परदेशी स्क्रूसाठी जहाजाची वाट बघत ओट्यावर बसून होतं आणि आम्ही निमूट सूर्यफुलाची पिशवी आणत होतो. स्क्रू वॉरंटीत बसत नाही, हे तो आल्यावर कळलं. १,८५० रुपये. घेणाऱ्यांनी आधी हेच विचारा : स्क्रू आणि जाळी पुण्या-मुंबईत शिल्लक असते का? नसेल तर मशीनबरोबरच एक जोड घेऊन ठेवा.

घ्यावं का? शेंगदाणा तेलच खाणार असाल, घाण्याचंच हवं असेल आणि पोतं ठेवायला कोरडी जागा असेल तर घ्या. स्वस्त पडेल म्हणून घेऊ नका. पाचपैकी साडेतीन तारे, त्यातला एक सासूबाईंच्या भाकरीचा.

ता. क. मे २०२५ अखेर सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क सगळं धरून १६.५ टक्क्यांवर आणलं. त्यानंतर वाण्याकडे गेले तर पिशवी होती त्याच भावाला. म्हणाला, "जुना माल आहे ताई, महागात भरलेला."