आरसेप की द्विपक्षीय करार?

आरसेप या चीन, न्यूझीलंडसह आशिया-प्रशांत देशांच्या बहुदेशीय मुक्त व्यापार करारात भारताने शिरावे की एकेका देशाशी स्वतंत्र करार करावा, यावर दिल्लीतील मंत्रालयांचे एकमत नव्हते. वाटाघाटी वाणिज्य मंत्रालय करत होते; पण चिनी पोलादाची धास्ती पोलाद मंत्रालयाला होती, तर न्यूझीलंडच्या दूध पावडरीची चिंता पशुसंवर्धन खात्याला आणि दोन-चार जनावरांवर संसार चालवणाऱ्या आपल्या दूध उत्पादकांनाही होती. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने माघार घेतली. द्विपक्षीय मार्गात नाजूक क्षेत्रे वगळणे सोपे जाते. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारातून दुग्धजन्य पदार्थ बाहेरच राहिले. मात्र अनेक देशांत विखुरलेल्या उत्पादनसाखळीत स्थान मिळवायचे, तर (अप्रिय असले तरी) आरसेपचेच पारडे जड वाटते.