जबड्याच्या प्लेटसाठी १,८५,००० रुपये घेतले आणि माणूस गायब

माझ्या थोरल्या भावाला तंबाखूने तोंडाचा कॅन्सर झाला. चौथी स्टेज, गाठ गालातून खालच्या जबड्याच्या हाडात उतरलेली. अर्धा जबडा आणि मानेतल्या गाठी काढायच्या, त्याच वेळी पायातलं फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसकट काढून नवा जबडा करायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली.

हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक जण वहिनींना भेटला. महात्मा फुले योजनेत हाड जोडायच्या टायटॅनियमच्या प्लेटचा खर्च बसत नाही, मी आणून देतो, तारीखही अलीकडे घेतो म्हणाला. ६०,००० रोख दिले, १,२५,००० क्यूआर कोडवर. वहिनींचं गंठण आणि माझ्या दोन म्हशी त्यात गेल्या.

स्कॅन केल्यावर कंपनीचं नाव आलं नाही, कुणा बाईचं आलं. मी ते वाचलं आणि तरी पिन टाकला. आदल्याच दिवशी डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं, की प्लेट ज्याच्या-त्याच्या जबड्याच्या मापाने वाकवतात. आणि हा म्हणतो, "माल तयार आहे, डॉक्टरांना काही विचारू नका." तिथेच त्याची गचांडी धरायला हवी होती! पण शेजारी दादा बसलेला. तोंड एक बोटसुद्धा उघडत नव्हतं, ताक स्ट्रॉने चाललेलं, रात्र-रात्र कण्हणं. अजून पाच आठवडे काढ, हे त्याला कसं सांगायचं होतं मी?

सिक्युरिटीवाले म्हणाले, गेटबाहेरचं आमच्याकडे नाही. चौकीत दोन तास बसवलं, मग हद्द दुसऱ्यांची म्हणून तिकडे पाठवलं. तिथून सायबरला. सायबरवाले म्हणतात, पिन तुम्हीच टाकलात ना? रोख ६०,००० तर कुणी लिहूनच घेतले नाहीत, पुरावा काय म्हणे. एका साहेबाने विचारलं, "तंबाखू खायला कुणी सांगितली होती?" चार दिवस हे ऐकत फिरलो. तिकडे दादाजवळ वहिनी एकट्या.

असं फसलात तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. मी सहाव्या दिवशी केला, तोवर खातं रिकामं झालेलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मंजूर झालेल्या ऑपरेशनचे पैसे रुग्णाने द्यायचे नसतात. कुणी मागितलेच तर आधी योजनेच्या हेल्पलाइनवर, १५५३८८ वर विचारा. योजनेचा माणूस, म्हणजे आरोग्यमित्र, हॉस्पिटलच्या आत बसतो, टपरीजवळ नाही.

ऑपरेशन ठरल्या तारखेलाच झालं, नऊ तास चाललं. प्लेट बसली, तिचा एक रुपया कुणी मागितला नाही. आता सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं, आणि इथे खोली घेऊन राहायला आमच्याकडे भाडं उरलेलं नाही.