बाटलीवर एक आणि तोंडी दुसरेच : नोनीच्या रसाने झालेली फसवणूक

मधुमेह, गुडघेदुखी किंवा रक्तदाब असलेल्या वृद्धांच्या घरी ओळखीपाळखीतून नोनी या फळाचा रस औषध म्हणून कसा पोहोचवला जातो, हे इतर कुटुंबांना वेळीच कळावे म्हणून माझ्या वडिलांच्या बाबतीत जे घडले ते येथे लिहीत आहे. वडील सेवानिवृत्त असून मानेवाड्याला राहतात. त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि अलीकडे क्रिएटिनिनही (मूत्रपिंडे नीट काम करत नसल्याची रक्तातील खूण) वाढलेले होते. सकाळच्या फिरण्यात ओळख झालेल्या एका गृहस्थांनी त्यांना एका मंगल कार्यालयातील ‘आरोग्य शिबिरा’ला नेले. तेथे तपासणी करणारा डॉक्टर नव्हता. मंचावर एकामागून एक माणसे येत होती आणि कोणाची साखर उतरली, कोणाचे गुडघ्याचे ऑपरेशन टळले, हे सांगत होती. हीच माणसे तो रस विकतात, हे आम्हाला नंतर कळले.

एका लिटरच्या बाटलीची किंमत दीड हजारांच्या वर होती आणि ‘पूर्ण कोर्स’ म्हणून अनेक बाटल्या एकदम घ्यायला लावल्या. सकाळ-संध्याकाळ रस घ्यायचा आणि ‘शरीराला सवय होईल तशा’ साखरेच्या गोळ्या कमी करायच्या, असे वडिलांना सांगण्यात आले. काही आठवड्यांत त्यांना थकवा येऊ लागला, रात्री वारंवार लघवीला उठावे लागू लागले आणि पायांवर सूज दिसू लागली. तेव्हा त्या गृहस्थांनी फोनवर दिलेले उत्तर मी स्वतः ऐकले आहे : “घाबरू नका जी, काका. हा त्रास नाही, आतली घाण बाहेर पडते आहे. डोस थोडा वाढवा.” या सगळ्या व्यवहारातील सर्वांत घातक वाक्य मला हेच वाटते, कारण ते एकदा मान्य केले की प्रकृती सुधारली तरी श्रेय रसाचे आणि बिघडली तरी तो रसाचाच गुण, आणि रुग्ण डॉक्टरकडे जायचे नावच काढत नाही.

आम्ही त्यांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेले तेव्हा साखर फारच वाढलेली होती. गोळ्या पूर्ववत सुरू झाल्या आणि रस त्याच दिवशी बंद झाला.

नोनीवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की हे फळ काही विष नव्हे. पॅसिफिक बेटांवर आणि दक्षिण आशियात त्याचा घरगुती औषधी वापर जुना आहे. आपल्याकडची बारतोंडी, जिच्या मुळांपासून पूर्वी लाल रंग काढत, तीही याच कुळातील आहे. युरोपीय महासंघाने २००३ मध्ये नोनीच्या रसाला परवानगी दिली ती मात्र अन्न म्हणून. प्रयोगशाळेत त्यात अँटिऑक्सिडंट गुण आढळतात हे खरे आहे, परंतु परीक्षानळीत दिसलेल्या गुणाने माणसाचा मधुमेह बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. शिवाय या रसात पोटॅशियमचे प्रमाण संत्र्याच्या किंवा टोमॅटोच्या रसाइतके असते. मूत्रपिंड अशक्त असलेल्या एका रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम नोनीच्या रसामुळे वाढल्याची नोंद अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात २००० सालीच प्रसिद्ध झाली आहे. वडिलांचे क्रिएटिनिन वाढलेले आहे हे विक्रेत्याला सांगितलेले होते, तरी त्याने याचा शब्दही काढला नाही.

उरलेल्या बाटल्या परत करण्यासाठी खोक्यात भरताना एका बाटलीवरचे किमतीचे स्टिकर सुटलेले दिसले. ते नखाने पूर्ण खरवडून काढल्यावर खाली बारीक अक्षरांत इंग्रजीत छापलेले दिसले की हे उत्पादन औषधी वापरासाठी नाही. पूरक आहाराच्या वेष्टनावर ही सूचना छापणे बंधनकारक आहे. प्रत्येक बाटलीवर स्टिकर नेमके त्याच जागी होते.

कंपनीने हात झटकले आणि विक्रेता जे बोलला ते त्याचे वैयक्तिक मत असल्याचे कळवले. हे उत्तर ऐकून कोणीही माघार घेऊ नये. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनुसार विक्रेत्याने केलेल्या विक्रीतून उद्भवणाऱ्या तक्रारींची जबाबदारी कंपनीवरही येते. मधुमेह बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने निषिद्ध आहे आणि त्या कायद्यात जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी घोषणाही येते, म्हणजे मंचावरून केलेले भाषणही सुटत नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली आहे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे बाटल्यांची छायाचित्रे दिली आहेत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, त्यामुळे तेथेही अर्ज करणार आहोत. अडचण आहे ती पुराव्याची : वडिलांना पक्के बिल कधीच मिळाले नाही, केवळ वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेली रक्कम मिळाली. तेव्हा आपल्या घरी कोणी अशी बाटली घेतलीच असेल, तर आजच कंपनीच्या नावाचे बिल मागून घ्यावे, विक्रेत्याचे संदेश मोबाइलमधून पुसू नयेत आणि चालू असलेली एकही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद होऊ देऊ नये.