हुकाची, दोन कपांची स्पोर्ट्स ब्रा: धावणाऱ्या मुलींनी हीच घ्यावी

डोक्यावरून ओढून घालायची, दोन्ही स्तन छातीशी दाबून धरणारी ब्रा योगासनांना पुरते. धावताना स्तन वर-खाली, आजूबाजूला आणि पुढे-मागे अशा तिन्ही दिशांना हलतो. त्याला स्वतःचा स्नायू नसतो, धरून ठेवतात ती त्वचा आणि आतले नाजूक बंध. ते ताणले की दुखतं. म्हणून सी कप किंवा त्याहून मोठं माप असेल तर दोन स्वतंत्र कप, मागे हुक आणि कमी-जास्त करता येणारे पट्टे असलेली ब्राच घ्या.

दुखणं किरकोळ नाही. २०१२च्या लंडन मॅरेथॉनमधल्या सुमारे १३०० धावपटू स्त्रियांच्या पाहणीत ३२ टक्के जणींनी स्तन दुखत असल्याचं सांगितलं. पोलीस भरतीच्या ८०० मीटरसाठी मुली एकावर एक दोन ब्रा घालतात. हलणं थोडं कमी होतं, पण फासळ्या आवळल्या जाऊन श्वास पुरत नाही.

या ब्राचं खरं काम छातीखालचा पट्टा करतो, खांद्यावरचे नव्हे. खांद्यावर वळ उठले तर खालचा पट्टा सैल आहे असं समजा. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर घट्ट बसली पाहिजे. वापरून वापरून पट्टा सैल होतो, तेव्हा आतले हुक कामी येतात. पाठीकडे दोन बोटं जेमतेम जावीत. मापातला आकडा पट्ट्याचा, अक्षर कपाचं. हात वर केल्यावर पट्टा सरकला तर ३४ सीऐवजी ३२ डी घालून पाहा, अक्षर बदललं तरी कप तेवढाच राहतो. काखेजवळ किंवा वरून मांस बाहेर येत असेल तर कप लहान, कापडाला सुरकुत्या पडत असतील तर मोठा. ट्रायल रूममध्ये उड्या मारूनच ठरवा, लाजू नका.

उणिवा आहेतच. घामाने पट्ट्याखाली घासतं, जाड कप लवकर वाळत नाहीत. सुती तर घेऊच नका, घाम धरून ठेवते. गार पाण्यात हाताने धुवा, सॉफ्टनर टाळा, त्याने इलॅस्टिक मरतं. सर्वांत आतल्या हुकावरही सैल झाली की बदला.

एकाच जागी सतत दुखत असेल, गाठ लागत असेल किंवा स्तनाग्रातून स्राव येत असेल तर मात्र ब्रा बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.