झिंक ऑक्साइडची शाई: ओलिक आम्ल की इथेनॉलअमाइन?
क्वांटम डॉट (प्रकाश देणारे अर्धवाहकाचे नॅनोकण) वापरणाऱ्या एलईडीच्या इलेक्ट्रॉनवाहक थरासाठी लागणारी झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांची पारदर्शक शाई ठेवल्या ठेवल्या दुधाळ होते, कारण कण वाढतात आणि एकमेकांना चिकटतात. हे टाळण्यासाठी कणांवर ओलिक आम्ल किंवा इथेनॉलअमाइनच्या रेणूंचे आवरण देतात.

टिकाऊपणात १८ कार्बनांची साखळी असलेले ओलिक आम्ल सरस आहे. पण तीच साखळी विद्युतवहन अडवते. शिवाय अशी शाई ऑक्टेनसारख्या अध्रुवीय द्रावकातच बनते आणि तो द्रावक खालचा क्वांटम डॉटचा थर विरघळवतो. माझ्या मते हाच निर्णायक दोष आहे. इथेनॉलअमाइनचा रेणू लहान असल्याने वहन कमी अडते आणि द्रावक इथेनॉलच राहतो, जो क्वांटम डॉटचा थर विरघळवत नाही. मात्र शाई थंड जागी ठेवावी लागते.

ऑक्साइडचा थर आधी पडणाऱ्या उलट्या रचनेत, काच तापवून साखळ्या जाळता येत असतील, तर ओलिक आम्ल चालेल. ऑक्साइडचा थर क्वांटम डॉटच्या थरावर पडणाऱ्या सरळ रचनेत इथेनॉलअमाइनच घ्यावे.