चरबी मोजणारा वजनकाटा, सहा महिने रोज वापरून : पन्नाशीपुढच्या पुरुषांनी घ्यावा का?

माझं वय 58, उंची 168 सेंटीमीटर, वजन 64 किलो. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 22.7, आपल्याकडे भारतीयांसाठी 23 च्या आत नॉर्मल धरतात त्यात बसणारा. हात पाय काटकुळे, पोट तेवढं पुढे. आयुष्यभर सगळे म्हणत आले तुला काय धाड भरलीये, तू तर बारीक आहेस, आणि मीही तेच धरून चाललो होतो. मग मागच्या वर्षी शुगर बॉर्डरवर आली आणि मुलाने हा ब्लूटूथवाला काटा मागवून दिला, दोन हजाराच्या आतला, काचेचा, वर चार चकचकीत धातूच्या पट्ट्या असलेला.

पहिल्या दिवशी फॅट दाखवलं 26.4 टक्के. मला आधी वाटलं मशीन खराब आहे. कारण ॲपमध्ये लालेलाल पट्टा आणि खाली लिहिलंय की 18 च्या वर गेलं की जास्त. आता हे सांगतो कारण इथेच बऱ्याच जणांची फसगत होते. हा 18 चा आकडा तरुण पोरांचा आहे. वय वाढतं तसे स्नायू आपोआप कमी होतात आणि चरबीचं प्रमाण थोडं वाढतंच, म्हणून सगळीकडे जो तक्ता वापरतात त्यात पुरुषांसाठी 40 ते 59 वयाला साधारण 11 ते 22 टक्के आणि 60 ते 79 ला 13 ते 25 टक्के ठीक धरतात. माझे मेहुणे 67 चे, रोज टेकडीवर जाणारे, त्यांचं 22 आलं आणि ॲपने त्यांनाही लाल दाखवलं! दोन दिवस ते रात्रीचं जेवण सोडून बसले होते. 67 व्या वर्षी उपाशी राहून चरबीबरोबर स्नायूही जातात हो, ते परत कमवायला किती कष्ट पडतात. मला या गोष्टीचा खरंच राग आला, कंपनीने वय विचारून घेतलंय ना, मग पट्टा वयाप्रमाणे का नाही देत?

पण माझं 26 मात्र 58 व्या वर्षीही जास्तच होतं. आणि वजन नॉर्मल असून असं कसं, याचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला होता, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांच्या अंगात 21.2! दिसायला बारीक पण आतून चरबी, हा आपल्या लोकांचा ठेवाच आहे. म्हणून नुसता साधा काटा बघून खूश होणाऱ्या सगळ्या मित्रांना मी हे सांगत सुटलोय.

आता मशीन काम कसं करतं. पट्ट्यांमधून अगदी बारीक करंट एका पायातून वर जाऊन दुसऱ्या पायातून खाली येतो. स्नायूत पाणी असतं म्हणून तिथून तो सहज जातो, चरबीत अडतो. म्हणजे खरं मोजमाप पायांचं, पोटाचा हिशोब फॉर्म्युल्याने लावलेला. मी एकदा उतरून ॲपमध्ये वय 58 चं 38 केलं आणि त्याच मिनिटाला परत उभा राहिलो, फॅट तीन टक्के कमी! शरीर तेच, पाय तेच. तेव्हा कळलं की यातला बराच भाग अंदाज आहे. पुढे एका सेंटरवर डेक्सा स्कॅन (एक्स-रेने अंगातली चरबी मोजणारी तपासणी) केला तर 30 आलं, म्हणजे काटा मला कमीच दाखवत होता. पाय बारीक आणि सगळं पोटावर असलेल्या माणसाला हा काटा जरा जास्तच गोड बोलतो. ते व्हिसरल फॅट (पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी) रेटिंग आणि शरीराचं वय वगैरे आकडे तर मी बघतच नाही.

तरीही वापरतोय, कारण एकाच पद्धतीने मोजलं तर कल नीट कळतो. सकाळी उठून संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, फरशीवर (सतरंजीवर ठेवलात तर वजनच चुकतं), कोरड्या पायांनी. माझ्या टाचा भेगाळलेल्या, थंडीत दोनदा एरर आला, मग रात्री व्हॅसलीन लावून झोपायला लागलो आणि सकाळी पाय पुसून उभा राहायचो, तेव्हा घेतलं. पाणी कमी प्यायलो की दुसऱ्या दिवशी फॅट वाढलेलं दिसतं, ते खरं नसतं, अंगातलं पाणी कमी झालं की करंट अडतो आणि मशीनला ती चरबी वाटते. म्हणून रोजचा आकडा सोडा, महिन्याचा ग्राफ बघा.

आणि याच्या जोडीला टेप हवीच. बायकोच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली पिवळी टेप घेतली, श्वास सोडून, पोट आत न ओढता बेंबीच्या पातळीला लावली, 94 सेंटीमीटर. पँट 34 ची घालतो म्हणजे कंबर 34 इंच असं मी समजत होतो, पण पँट पोटाखाली बांधतो ना आपण! आपल्याकडच्या पुरुषांना 90 च्या आत हवी म्हणतात. सहा महिने चालणं, खुर्चीवरून हात न टेकता पंधरा पंधरा उठबशा, रबरी पट्ट्याचा व्यायाम आणि जेवणात भात निम्मा करून उसळ, ताक, अंडी वाढवली. वजन फक्त सव्वा किलो उतरलं, साध्या काट्यावर मी कंटाळून सोडून दिलं असतं. पण फॅट 26.4 वरून 23.9 आणि कंबर 89. पँटच्या पट्ट्याला एक भोक आत पाडून आणलं कोपऱ्यावरच्या चांभाराकडून.

एक महत्त्वाचं, पेसमेकर असलेल्यांनी यावर उभं राहू नये, माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलंय. माझे वडील 84 चे, त्यांना पेसमेकर आहे आणि ते कौतुकाने चढणारच होते, मी हात धरून थांबवलं. घरात असं कोणी असेल तर काटा उचलून ठेवत जा. आणि त्या वयात वजन आपोआप उतरत असेल तर फॅट कमी झालं म्हणून खूश होऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

पाचपैकी साडेतीन स्टार. काटा वजन चोख दाखवतो, सेल अजून पहिलेच चालू आहेत. दीड स्टार कापला तो त्या 18 च्या लाल पट्ट्यासाठी. कंपनीला दोनदा मेल केला, लवकरच सुधारू असं उत्तर आलं, मेहुण्यांच्या मोबाईलवर आज सकाळीही लालच होतं.